गावची जुनी मराठी शाळा नक्की कधीची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळा नंबर एकचा जुना इतिहास गोळा करायला घेतला तेव्हापासून लोक तेच तेच प्रश्न विचारतायत, कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आमच्याच शाळेचं नाही, जुन्या मुंबई इलाख्यातल्या कुठल्याही छोट्या गावातल्या मराठी शाळेला यातलं बरंचसं लागू पडेल. मराठवाडा आणि विदर्भवाल्यांसाठी खाली वेगळा प्रश्न आहे, आधी तो वाचला तरी चालेल.

शाळेच्या दारावर ‘स्थापना’ म्हणून जे साल लिहिलंय ते खरं असतं का?

खरं असतं, पण कशाचं साल ते विचारा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि भांडणंही यावरूनच होतात, कारण शताब्दी आणि शतकोत्तर सुवर्णमहोत्सव यातून ठरतो ना. शाळेची जन्मतारीख एकच नसते. कुणाच्या तरी ओसरीवर मुलं बसायला लागली ते एक साल, सरकारने पगारी मास्तर नेमला ते दुसरं, आत्ताची कौलारू इमारत झाली ते तिसरं, आणि नगरपालिकेने शाळा ताब्यात घेतली ते चौथं. पाटी रंगवणाऱ्याच्या हाताला यातलं जे लागलं ते त्याने लिहिलं. बऱ्याच ठिकाणी मी बघितलंय की पाटीवरचं साल इमारतीच्या कोनशिलेवरून घेतलेलं असतं आणि रजिस्टर त्याच्या आधी पंचवीस-तीस वर्षांपासून चालू असतं, म्हणजे शाळा स्वतःच्या वयापेक्षा लहान दाखवतेय. उलटंही होतं. समारंभ जवळ आला की वय वाढतं.

माझं मत विचाराल तर जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीची, पहिली नोंद धरा, आणि त्याच्या आधीचं काही सापडलं तर ‘त्यापूर्वीही शाळा असल्याचा उल्लेख’ असं वेगळं लिहा.

सरकारी शाळा येण्याआधी गावात शाळाच नव्हती का?

होती की. पंतोजींची शाळा. तिला इमारत नव्हती म्हणून तिचा पुरावा उरला नाही, एवढंच. देवळाचा सभामंडप, चावडी, एखाद्या सावकाराच्या वाड्याची ओसरी, नाहीतर पंतोजींचंच घर. बसायला घरून आणलेलं तरटाचं बसकर. इयत्ता नाहीत, घंटा नाही, हजेरी नाही. पाच-सहा वर्षांचं पोरगं आणि मिसरूड फुटलेला मुलगा एकाच जागी, आणि मोठा मुलगा धाकट्याला शिकवतोय, पंतोजी भिंतीला टेकून वर देखरेख करतायत.

पंतोजींना ठरलेला पगार नसायचा. मुलामागे काही पैसे, थोडं धान्य, सणासुदीला शिधा, मुंजीत-लग्नात मान. सुट्टी अमावास्या-पौर्णिमेला. रविवारची सुट्टी ही सरकारी शाळेबरोबर आलेली गोष्ट आहे.

शिक्षा भयंकर होत्या हे खरंय. पण ‘तात्यापंतोजी’ म्हणून त्यांची जी टिंगल पुढे झाली ती मला थोडी एकतर्फी वाटते, कारण गावातला वाण्याचा हिशोब, कुलकर्ण्याचं दप्तर, सोयरिकीची पत्रं, हे सगळं लिहिणारी माणसं याच ओसरीवर तयार झाली. मुली मात्र तिथे जवळजवळ नव्हत्याच. आणि गावकुसाबाहेरची मुलं तर नव्हतीच नव्हती.

तिथे शिकवायचे काय? धूळपाटी म्हणजे नक्की काय?

धूळपाटी म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर विटकरीची बारीक पूड किंवा लाल माती पसरायची आणि काडीने त्यात अक्षर काढायचं. मास्तरांनी एकदा अक्षर काढून द्यायचं, मग मुलाने त्याच्यावरून काडी फिरवत राहायचं आणि फिरवताना मोठ्याने त्या अक्षराचं नाव घ्यायचं. चुकलं की फळी हलवायची, अक्षर गेलं. कागद महाग होता, तो बऱ्याच उशिरा हातात यायचा, आणि मग बोरू आणि शाई आणि मोडी. पुस्तक असं नव्हतंच, छापील तर नाहीच. सुरुवात ‘ओनामासीधं’ ने, म्हणजे मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’, पोरांच्या तोंडी त्याचं ते झालं आणि आजही आपण कशाची सुरुवात झाली की ओनामा झाला म्हणतो.

पण खरी गंमत पाढ्यांची. आपल्याला तीसपर्यंत पाढे म्हणजे खूप वाटतात, तिथे पूर्णांकाचे पाढे संपले की अपूर्णांकाचे सुरू: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. हे कशाला? तर रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, शेराचे पावशेर-अदपाव. सात वस्तू दीड आण्याने घेतल्या तर साडेदहा आणे हे कागद न घेता तोंडातून यायला पाहिजे, नाहीतर बाजारात माणूस फसलाच. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून हे म्हणायचं त्याला परवचा. सरकारी शाळा आल्यावरही पाढे टिकले, कारण बाजार बदलला नव्हता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले, आणि मग एका पिढीत पावकी-दिडकी गेली. ज्यांच्या घरी अजून कुणी नव्वदीतली आजी-आजोबा आहेत त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. परवचेचा सूर कागदावर मिळत नाही.

मग सरकारी मराठी शाळा कधी सुरू झाल्या?

थोडं मागे जावं लागेल. १८१८ ला पेशवाई गेली, एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्याच काळात १८२२ मध्ये शाळा आणि शाळेची पुस्तकं यासाठी मुंबईत एक सोसायटी निघाली, पुढे तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा तिचा सेक्रेटरी. मराठीतून गणित-भूमिती शिकवता येईल अशी पुस्तकं तयार करून घेतली, मास्तर तयार केले आणि ते मोठ्या गावांना पाठवले. १८४० मध्ये हे काम बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेलं. पण हे सगळं जिल्ह्याची ठिकाणं आणि फार तर बड्या बाजारपेठांपुरतं. छोट्या गावाला त्याचा वारा लागला नव्हता.

१८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारं विलायतेचं सरकारी पत्र आलं, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खातं निघालं. मेजर कँडीने मराठी क्रमिक पुस्तकं तयार केली, तीच इलाखाभर चालली. आपण आज मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम देतो त्याचे नियमही याच कँडीने १८५० मध्ये मांडले, हे जाता जाता.

तरी शाळा गावागावात पोचली ती खात्यामुळे नाही, पैशामुळे. त्याचं उत्तर पुढे.

‘लोकल फंडाची शाळा’ असं जुन्या कागदात दिसतं, ते काय?

हा माझा आवडता प्रश्न. १८६३-६४ पासून मुंबई सरकारने शेतसाऱ्यावर जादा पट्टी बसवली, सारा एक रुपया असेल तर वर एक आणा. त्या आण्याचा साधारण तिसरा हिस्सा शिक्षणाला आणि बाकीचा रस्ते वगैरेंना. यालाच लोकल फंड म्हणायचे. म्हणजे आपल्या गावची शाळा कुणा साहेबाच्या कृपेने उभी राहिली असं जे भाषणात म्हणतात ते अर्धवट आहे, ती शेतकऱ्याच्या साऱ्यावरच्या आण्यातून उभी राहिली, आणि त्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांची पोरं तिथे पाय ठेवू शकत नव्हती. हीच तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण चौकशी आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात मांडली, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तर आधी प्राथमिक शिक्षण बघा.

तुमच्या शाळेचं स्थापना साल १८६५ ते १८७५ च्या आसपास निघालं तर दचकू नका. खूप शाळा याच काळातल्या, कारण पैसे तेव्हा आले.

शाळेची नावं सारखी का बदलत गेली? लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, झेडपी…

मालक बदलले म्हणून. आधी सरकारी खातं. १८८४ च्या कायद्यांनंतर गावात म्युनिसिपालिटी असेल तर तिच्याकडे, नसेल तर लोकल बोर्डाकडे. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डं आली, १९४७ ला नवा कायदा, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. प्रत्येक बदलीत दप्तर इकडून तिकडे गेलं आणि प्रत्येक वेळी त्यातलं काहीतरी हरवलं.

आमच्या शाळेवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ लिहिलंय, ही कुठली संस्था?

संस्था नाही हो. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेली मूलोद्योग शिक्षणाची कल्पना, म्हणजे काहीतरी हाताने करता करता शिकायचं, ती पुढे सरकारी शाळांत आणली गेली आणि त्या वळणाच्या शाळांना हे नाव मिळालं. टकळी, चरखा, बागकाम. टकळ्या कधीच गेल्या, नाव भिंतीवर राहिलं. जुन्या फोटोत पोरं ओळीत बसून सूत काततायत असं दिसलं तर ते याच काळातलं समजा.

बिगरी, फायनल, दिपोटी… हे शब्द कळत नाहीत.

बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. ‘बिगरीत दाखल’ असं रजिस्टरमध्ये दिसतं. फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवीच्या शेवटी व्हायची ती परीक्षा, आजीच्या तोंडी ‘तो फायनल झालेला होता’ असं असायचं ते हेच, आणि ते सांगताना आवाजात जो रुबाब असायचा तो आज पदवीलाही नाही. फायनल झाला की मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी पक्की समजायचे.

दिपोटी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. तो तपासणीला येणार म्हटलं की शेणाने शाळा सारवायची, मुलांना नवीन टोप्या, आणि मास्तरांना रात्रभर झोप नाही. त्याचे शेरे ज्या वहीत असतात ती व्हिजिट बुक किंवा शेरेबुक. ते तुमच्या शाळेत शिल्लक असेल तर तुम्ही नशीबवान आहात. रजिस्टर सांगतं कोण आलं, शेरेबुक सांगतं शाळा कशी होती: फळा फुटका, नकाशा नाही, छप्पर गळतं, तिसरीचं वाचन बरं, हिशोब कच्चे.

अजून एक, जुन्या कागदात मास्तरच पोस्टमास्तर असल्याचं दिसलं तर ती चूक नाही. खेड्यात पोस्टाचं काम शाळामास्तरकडे देण्याची पद्धतच होती. मनिऑर्डर आली की तास थांबायचा.

मुली कधीपासून येत होत्या?

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात १८४८ ला मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना पाठ आहे, नगरकडे अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्याच्याही आधीच्या. पण आपल्या छोट्या गावात ते पोचायला वेळ लागला. मुख्य अडचण बाई-शिक्षिका मिळायच्या नाहीत. पुण्यात मुलींचं ट्रेनिंग कॉलेज निघालं १८७० ला, आणि तिथून शिकलेली बाई आडगावात एकटी राहायला यायची म्हणजे मोठंच धाडस, तिला घर कोण देणार इथपासून सुरुवात.

म्हणून बऱ्याच गावात आधी मुलांच्या शाळेतच दोन-चार मुली, त्याही मास्तरांच्या, मामलेदाराच्या, नाहीतर एखाद्या सुधारक वकिलाच्या घरच्या, आणि मग कधीतरी वेगळी कन्याशाळा. शाळा नंबर दोन ही बऱ्याचदा मुलींची असते ती अशी. तुमच्या रजिस्टरमध्ये पहिलं मुलीचं नाव कुठल्या पानावर येतं ते मुद्दाम शोधा, आणि ते नाव किती दिवस टिकलं तेही बघा. कारणाच्या रकान्यात ‘लग्न झाल्याने’ असं असतं, आणि समोरचं वय वाचून पुढचं पान उलटायला थोडा वेळ लागतो.

सगळ्या जातींची मुलं एकत्र बसायची का? आमच्या गावात म्हणे पहिल्यापासून भेदभाव नव्हता.

प्रत्येक गाव असंच म्हणतं.

कागदावर गोष्ट अशी आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला, त्याने सरकारकडे अर्ज केला, मुंबई सरकारने तेव्हा त्याला आत घ्यायला लावलं नाही, प्रकरण वर गेलं आणि १८५८ मध्ये वरून स्पष्ट झालं की सरकारी पैशावर चालणारी शाळा सगळ्यांना खुली आहे. म्हणजे नियम झाला. पण गावात नियम कोण पाळतो? मुलगा आत घेतला तर बाकीचे पालक पोरं काढून घेणार, शाळा बंद पडणार, मास्तरची नोकरी जाणार. मग मधला मार्ग निघाला: नाव रजिस्टरमध्ये, पोरगं ओट्यावर. पाटी तपासायची ती लांबून. पाणी वरून ओतणारा कुणी असेल तरच मिळणार. कुठे कुठे वेगळी शाळाच काढली.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला, भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या मुलाला बसायला घरून गोणपाट आणावं लागायचं. म्हणजे रजिस्टर बघितलं तर सगळं सरळ दिसतं, नंबर, नाव, तारीख. गोणपाट रजिस्टरमध्ये दिसत नाही. म्हणून ‘आमच्या रजिस्टरमध्ये सगळ्या जातींची नावं आहेत, म्हणजे भेदभाव नव्हता’ हा निष्कर्ष काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. बोले ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला झाला, तोसुद्धा सार्वजनिक जागा, विहिरी, शाळा खुल्या करा म्हणून. सगळं आधीपासून खुलं असतं तर ठराव कशाला करावा लागला असता?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. संस्थानी गावातल्या लोकांनी आपला इतिहास ब्रिटिश मुलखाच्या चालीवर लिहू नये, तो वेगळा आहे. बडोद्यात सयाजीरावांनी तर १८९३ ला अमरेली भागात प्रयोग सुरू केला आणि १९०६ ला राज्यभर नेला. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं बिल १९११ ला आलं ते पडलं, विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ ला झाला तोही म्युनिसिपालिट्यांपुरता, आणि करा म्हणून नाही, हवं तर करा म्हणून.

जनरल रजिस्टरमध्ये नक्की काय सापडतं?

आमच्याकडचं सगळ्यात जुनं रजिस्टर लाल कापडात बांधलेलं होतं, लोखंडी कपाटाच्या तळाला, वर पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती. गाठ सोडली आणि आधी कसर पळाली. शाई तपकिरी झालेली, पानाच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात. रकाने मात्र बरेचसे तेच जे आजही आहेत: नंबर, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्माचं गाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. आईचं नाव नाही. कुठेच नाही.

सगळं वाचू नका, वेडे व्हाल. ‘कारण’ हा रकाना तेवढा वरपासून खालपर्यंत वाचा. ‘बहुत दिवस गैरहजर सबब नाव कमी’, ‘गुरे राखण्यास’, ‘परगावी गेला’, ‘मयत’. एकाच महिन्यात एकाखाली एक ‘परगावी’ आलं की दुष्काळ किंवा प्लेग समजायचा.

आणि जन्मतारखा! निम्मा गाव १ जूनला जन्मलेला दिसेल. शाळा जूनमध्ये सुरू, बाप म्हणणार पोरगं गेल्या दुष्काळात झालं, नाहीतर थोरल्याच्या लग्नात पोटात होतं, मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघणार, लागला की सहा वर्षं पूर्ण, तारीख १ जून. त्या तारखेवर पुढे माणसं नोकरीला लागली, रिटायर झाली, आणि वाढदिवसही आता फेसबुकमुळे त्याच दिवशी होतात. वंशावळ लिहिणाऱ्यांनी ही तारीख खरी धरू नये.

मधलीच काही वर्षं रजिस्टरमध्ये नोंदी एकदम कमी आहेत. पानं फाटलीत का?

फाटलेलीही असतील, पण आधी साल बघा. १८९६ नंतरची काही वर्षं प्लेगची, गाव उठून रानात झोपड्यांत राहायला जायचं आणि शाळा बंद. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ वरून छपन्नचा दुष्काळ म्हणतात तो. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला इन्फ्ल्युएंझा. अशा वेळी नाव घालायला येणार कोण?

रजिस्टर मोडीत आहे, वाचणार कसं?

सगळं मोडीत असेलच असं नाही, छापील रकाने बालबोधात, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आणि भरणं मोडीत असं मिश्रण जास्त. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवायचे, त्यामुळे मास्तरांचा हात मोडीवरच बसलेला. शिकायला जड नाही, दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिला तर नावं आणि गावं वाचता येतात, कारण तीच तीच येतात. अडचण अक्षराची नसते, मास्तरच्या हाताची असते. एका मास्तरचा हात ओळखीचा झाला की त्याची सगळी वर्षं भराभर निघतात, मग बदली होते आणि पुन्हा पहिल्यापासून. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नसतो, तेव्हा आडनावं जपून वाचा. पैसे घेऊन वाचून देणारे आहेत, पण दोन ओळी स्वतःला येत असल्या तर फसवणूक कळते.

आजोबांच्या शाळेचा दाखला हवाय, जातीच्या पडताळणीसाठी. कुणाकडे जायचं?

आधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. अर्जात आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, अंदाजे जन्मसाल आणि तेव्हा आडनाव काय लावत होते ते लिहा, कारण जुन्या नोंदीत आडनाव नसतं किंवा धंद्यावरून-गावावरून वेगळंच असतं, आणि ‘सापडत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांपैकी निम्म्यांचं कारण हेच. मुलींच्या माहेरच्या नावाने शोधा. दाखला आणि रजिस्टरचा उतारा या वेगळ्या गोष्टी, शक्य असेल तर उताराच मागा, मूळ पानाची साक्षांकित नक्कल, कारण दाखला लिहिताना आजचा क्लार्क त्याला वाचता आलं ते लिहितो.

तारखा लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, याच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून शिंदे समितीच्या कामात जुनी शाळेची दप्तरंही बाहेर निघाली. चांगलं झालं, पण ती हाताळून हाताळून पानांचे तुकडे होतायत हेही मी बघतोय. मला स्वतःला एका कार्यालयात ‘ते दप्तर वाळवीने खाल्लं’ असं सांगितलं, सहा महिन्यांनी तेच दप्तर दुसऱ्याच कामासाठी टेबलावर होतं. तेव्हा एका ‘नाही’ वर थांबू नका. माहिती अधिकारात लेखी विचारा.

आणि एक, रजिस्टरमध्ये कुणी खाडाखोड करून देतो म्हणाला तर तिथून उठा.

शाळेत काहीच शिल्लक नाही. मग?

गॅझेटियर उघडा, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. १८८० च्या आसपास जेम्स कॅम्पबेलने मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर्स काढली, रत्नागिरी आणि खानदेश १८८०, नाशिक १८८३, नगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. प्रत्येकात शिक्षणाचं वेगळं प्रकरण आहे, आणि शेवटी गावांची यादी असते त्यात तुमच्या गावापुढे शाळेचा उल्लेख असू शकतो, अर्ध्या ओळीचा का होईना. ही ऑनलाईन फुकट वाचता येतात. मग राज्य पुराभिलेखागार, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्यात पेशवे दप्तर, शिवाय कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. नगरपालिका जुनी असेल तर तिची सभेची इतिवृत्तं, त्यात शाळेचं भाडं, छपराची दुरुस्ती, मास्तरची बदली सगळं येतं आणि कोण कुणावर का चिडलं होतं तेही.

मराठवाड्यात आणि विदर्भात हेच सगळं का?

नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, कारभार उर्दूत, प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणायचे, वरची फोकानिया. कागदावर साल फसली असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन, एखादं वर्ष इकडेतिकडे. मोडीवाल्याऐवजी उर्दू वाचणारा शोधा, आणि शिकस्ता, म्हणजे घाईचं मोडकं वळण असेल तर जुना जाणकारच लागेल. वऱ्हाड १८५३ ला इंग्रजांकडे आलं, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलं, नागपूर त्याच प्रांतात, त्यामुळे तिकडचे कागद मुंबईत शोधून उपयोग नाही. दोन्ही भाग १९५६ ला मुंबई राज्यात आले. लोकल फंडाच्या आण्याची वर सांगितलेली गोष्ट मुंबई इलाख्याची, ती तिकडे जशीच्या तशी चिकटवू नका.

इमारतीवरून काळ ओळखता येतो का?

अंदाज येतो. लांब ओटा, ओळीने खोल्या, दगडी जोतं, उतरतं कौलारू छप्पर, हे साधारण एकाच साच्याचं काम. कौलावर साल छापलेलं बघून लोक नाचतात, तसं करू नका. मंगळूरच्या बेसल मिशनचा कौलांचा कारखाना सुरूच झाला १८६५ ला, आणि कौलावरचं साल बऱ्याचदा कारखान्याचं असतं, तुमच्या शाळेचं नाही. शिवाय कौलं दर पावसाळ्याआधी बदलतात. आमच्या छपरावर तीन कारखान्यांची कौलं निघाली.

स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचाय, टिप्स द्या ना.

मुख्याध्यापकांची यादी आणि मान्यवर माजी विद्यार्थ्यांचे फोटो एवढ्यावर स्मरणिका संपवू नका. रजिस्टरची सगळी पानं आधी मोबाईलने का होईना दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, नंबराप्रमाणे काढून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात नाही, पाच वर्षांत पिवळी पडून अक्षर घेऊन निघते. जात आणि ‘कारण’ हे रकाने नावासकट छापू नका, हयात माणसांची घरं असतात त्यामागे.

आणि शिपाईमामांना विचारा. कुठलं कपाट, कुठली किल्ली, पावसात काय कुठे हलवलं, हे हेडमास्तरांना माहीत नसतं, ते तीन वर्षांत बदलतात. आमचं लाल दप्तर त्यांनीच काढून दिलं, आणि देताना म्हणाले, यात माझ्या बापाचं नाव आहे का बघा की जरा. होतं. बिगरीत दाखल, जन्मतारीख १ जून, अकरा महिन्यांनी नाव कमी, कारण गुरे राखण्यास.